हिवाळ्यापुरते कोकणात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

थंडीचे दोन-तीन महिने कोकण किनाऱ्यावर काढायचे ठरवलेल्या वाचकांची पत्रे दसऱ्यापासून येत आहेत. बहुतेक पत्रांत घर समुद्रापासून किती पावलांवर हवे, हे सगळ्यात आधी लिहिलेले असते. आमचा क्रम वेगळा आहे. आधी पाणी, मग छप्पर, मग दवाखाना आणि समुद्र चौथा. खालची उत्तरे याच क्रमाच्या आग्रहाने दिली आहेत.

आम्ही दोघे ६८ आणि ६४ वर्षांचे. डिसेंबर-जानेवारीत इथल्या थंडीने गुडघे आखडतात. कोकणात कधी जावे, किती दिवस राहावे? दापोली बरी की मालवण? (वाचक, निफाड)

दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या मध्यावर जा आणि फेब्रुवारीच्या मध्यावर परत या. पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो खरा, पण त्यानंतरचे तीन-चार आठवडे दमट उकाड्याचे असतात. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा काळ. ‘फयान’ वादळ कोकणावर आले ते ११ नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे सगळे पावसाळा विसरून गेल्यावर.

तुमच्याकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा रत्नागिरीत पहाटे १९-२० आणि दुपारी ३१ च्या आसपास असतो. एक चादर, एक पातळ रग आणि पहाटेसाठी बिनबाह्यांचा स्वेटर एवढे पुरते. दापोली गाव मात्र किनाऱ्यावर नाही, सड्यावर (उंच कातळपठारावर) आहे. तिथे काही पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. गुडघ्यांसाठी जायचे तर दापोली तालुक्यात राहा, पण खाली उतरून : हर्णै, मुरुड, कर्दे, आंजर्ले. मालवण-वेंगुर्ल्याला हा प्रश्न येत नाही.

फेब्रुवारी उलटला की घाटाकडून गरम वारा सुटतो. ज्या दिवशी समुद्रावरचा वारा उशिरा येतो, त्या दिवशी पारा ३७ च्या वर जातो. साठी ओलांडलेल्यांनी तोवर थांबू नये. पहिल्या वर्षी चारच आठवडे राहा. घर, पाणी, शेजार मानवले तर पुढच्या वर्षी तीन महिन्यांचा बेत करा.

गावच्या घराला गणपतीनंतर कुलूप आहे. आता डिसेंबरात आईवडिलांना तिथे ठेवायचे आहे. घर उघडताना काय काय पाहायचे? (वाचक, डोंबिवली)

आईवडिलांना घेऊन घर उघडायला जाऊ नका. तुम्ही चार दिवस आधी जा. चार दिवस लागतातच, कारण विहीर, टाकी, गाद्या आणि कौले ही कामे एका दिवशी संपत नाहीत.

पोचाल तो दिवस उजेडाचा असू द्या. पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी. सगळी दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. मग आत शिरून आधी वर पाहा. कौलांतून उजेडाचे कवडसे दिसतात तिथे कौल सरकले आहे किंवा वानरांनी फोडले आहे. त्याच रेषेत खाली रिपेवर (कौलांखालच्या लाकडी पट्टीवर) काळा ओलसर डाग असेल तर तिथे चाकूचे टोक टोचून पाहा. टोक सहज रुतले तर रीप कुजली आहे, ती बदलायला हवी. वाशांवर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. नुसत्या झाडून टाकू नका. आधी एक नळी मोडून पाहा. आत पांढरे किडे चालताना दिसले तर वाळवीनाशक करणाऱ्याला बोलवा. कोरडी आणि रिकामी असेल तर काम जुने आहे.

वीज. मेन स्विच बंद असतानाच स्विचबोर्डांची तोंडे पाहा. कुंभारीण माशी सॉकेटच्या भोकांत मातीची घरे करते, पाली आत मरून पडलेल्या असतात. वायरमनकडून बोर्ड उघडून साफ करून घ्या, मगच मेन लावा. ईएलसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) असेल तर त्याचे टेस्टचे बटण दाबा. दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. जांभ्याची जमीन पावसानंतर झपाट्याने कोरडी होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरते उरते. हिवाळाभर दर पंधरवड्याला हे करा.

पंप. तीन महिने बंद असलेला पंप सुरू केल्यावर नुसता घुमतो आणि फिरत नाही, तेव्हा तो दहा सेकंदही चालू ठेवू नका, वाइंडिंग जळते. स्विच बंद करून प्लग काढा. मागच्या पंख्याचे झाकण उघडून पंखा हाताने दोन्ही बाजूंना फिरवा. अडकलेला इंपेलर बहुधा एवढ्यानेच सुटतो. हाताने मोकळा फिरतो पण विजेवर फिरत नाही, तर कपॅसिटर गेला. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तर फूटव्हॉल्व्हमधून (विहिरीतल्या पाइपच्या तळाच्या झडपेतून) पाणी उतरून गेले आहे. वरच्या बुचातून पाणी भरा. भरलेले पाणी पुन्हा उतरत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा त्याचा वॉशर वाळलाय. तो वर काढावाच लागेल.

विहीर. आधी पालापाचोळा, मेलेले बेडूक-उंदीर काढा. पाणी गढूळ असेल तर उपसा करून एक रात्र निवळू द्या, कारण गढूळ पाण्यात टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) काम करत नाही. मग मात्रा काढा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा आणि त्या आकड्याला त्यानेच गुणा. त्याला पाण्याच्या खोलीने, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. हे झाले घनमीटर, म्हणजेच हजार लिटरचे माप. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम.

पावडर विहिरीत तशीच फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटे तशीच ठेवा. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवा. तळाचा चुना विहिरीत घालू नका. हे रात्री करा आणि पाणी सकाळी वापरा. सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर पावडर जुनी होती. दमट हवेत उघडी राहिलेली टीसीएल गोळे धरते आणि तिचा जोर जातो.

गाद्या, उशा, रजया दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी. बुरशीचे डाग असलेली लाकडी कपाटे व्हिनेगरने पुसून दारे उघडी ठेवा. कपडे तिसऱ्या दिवसाआधी कपाटात ठेवू नका.

समुद्रापासून शंभर पावलांवर नारळीच्या वाडीत घर मिळतेय. मालक म्हणतात विहिरीचे पाणी गोड आहे. तीन महिने ते गोडच राहील का? (वाचक, पुणे)

मालक खरे बोलत असतील, पण त्यांचा वापर आणि तुमचा वापर यात फरक पडू शकतो. पुळणीतल्या (किनाऱ्याच्या वाळूतल्या) विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. ढोबळ हिशेब असा : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडा थर असतो. सतत उपशाने वरची पातळी अर्धा फूट जरी कायमची उतरली तरी खालून खारे पाणी त्याच हिशेबाने वर चढू लागते. म्हणून किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत रहाटाने पाणी काढत तोवर विहिरी गोड राहिल्या, आणि तासन्‌तास पंप चालू लागल्यावर त्याच मचूळ झाल्या.

घर ठरवायला जाल तेव्हा खिशात टीडीएस मीटर न्या. काही शे रुपयांत मिळतो. सकाळी पंप सुरू होण्याआधी दोरीने पाणी काढून मोजा. मग अर्धा तास पंप चालवून नळाचे पाणी मोजा. दोन्ही आकडे ५०० च्या आत आणि जवळजवळ असतील तर निर्धास्त घ्या. पहिला ३०० आणि दुसरा ७०० आला तर खारे पाणी खालीच टेकलेले आहे. डिसेंबरात चालून जाईल, फेब्रुवारीत चहा नासेल. मीटर विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही, हे लक्षात ठेवा. आकडा चांगला आला तरी टीसीएल आणि उकळणे चुकत नाही.

राहायला गेल्यावर पंप एकदम लावून टाकी काठोकाठ भरण्याची सवय सोडा. दोन माणसांना दिवसाला ३०० लिटर भरपूर होते. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप एवढे पाणी वीस मिनिटांत चढवतो. सकाळी दहा, संध्याकाळी दहा मिनिटे. विहिरीला मधे भरून यायला वेळ मिळतो. २० डिसेंबर ते २ जानेवारी शेजारची सगळी निवासस्थाने भरलेली असतात आणि प्रत्येकाचा पंप त्याच थरातून पाणी ओढत असतो. त्या दोन आठवड्यांत मीटर रोज लावा आणि आकडा चढू लागला की पिण्याचे पाणी वेगळे आणा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मचूळ पाणी ‘चवीला ठीक आहे’ म्हणून पिऊ नये. त्यातले मीठ जेवणातल्या मिठात भर घालते.

आणखी एक. वाडीत खुर्ची, झोपाळा किंवा गाडी माडाखाली ठेवू नका. नारळ उतरवलेले नसतील तर ते आधी उतरवून घ्या, मग राहायला जा.

मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. पत्नीला रक्तदाब. खेड्यात राहणे धोक्याचे ठरेल का? (वाचक, इंदूर)

धोका गावाच्या आकारात नसतो, अंतरात असतो. घर घेण्यापूर्वी तीन अंतरे मिनिटांत मोजा, किलोमीटरांत नको : प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि हृदयविकाराचे उपचार होतील असे मोठे रुग्णालय. गुहागर-चिपळूण भागाला डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. रत्नागिरीत आणि ओरोसला (सिंधुदुर्ग) शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. वाटेत खाडी आडवी येत असेल तर जेटीची फेरी रात्री बंद असते. त्या वेळी पुलावरून किती वळसा पडतो ते विचारून ठेवा. १०८ ला फोन केल्यावर सांगायची खूण (वाडीचे नाव, देऊळ, शाळा) फोनजवळ लिहून लावा. कोकणात एकाच नावाच्या वाड्या शेजारशेजारच्या गावांत असतात, आणि रुग्णवाहिका चुकते ती इथेच.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला टेकले तर गोठते आणि गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली चार आठवडे चालते, पण पुठ्ठ्यावरची सूचना वाचा. कौलांखालची खोली दुपारी ३२-३३ ला जाते. माठात ठेवण्याची युक्ती तुमच्या माळव्यात उत्तम चालते, कारण हवा कोरडी. किनाऱ्यावर हवा दमट, पाणी हळू उडते, म्हणून माठ तितका गार होत नाही. मोठ्या कुंडीत वाळू, वाळूत लहान मडके, वाळू दिवसातून दोनदा ओली करायची आणि सगळे वाऱ्याच्या खिडकीत ठेवायचे. आत थर्मामीटर ठेवून आकडा पाहा, अंदाजावर जाऊ नका. वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नका. बंद फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरतो.

रक्तदाबाबद्दल : थंडीतून उबेत आल्यावर दाब थोडा उतरतो, घामाने आणखी. लघवीची गोळी चालू असेल तर पहिल्या दहा दिवसांत उठताना अंधारी येऊ शकते. रोज एकाच वेळी दाब मोजून वहीत लिहा आणि आकडे तुमच्या डॉक्टरांना फोनवर कळवा. गोळी स्वतःहून कमी करू नका. औषधांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव लिहून घ्या. तुमची कंपनी तालुक्याच्या दुकानात नसली तरी औषध मिळते.

समुद्राची हवा दम्याला चांगली म्हणतात. पण गेल्या वर्षी जानेवारीत देवगडजवळ राहिलो आणि त्रास वाढला. असे का झाले असेल? (वाचक, नागपूर)

हवा समुद्राची, पण भोवती हापूसच्या बागा होत्या का? मोहोर आल्यावर तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांच्या आसपास फवारणी चालते. ती सकाळी करतात, आणि नेमके सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. याला मतलई वारा म्हणतात. दहा-अकराला तो पडतो आणि खारा वारा सुरू होतो. बाग पूर्वेला आणि घर तिच्या पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या बाजूला असेल, तर फवाऱ्याचा अंश थेट तुमच्या झोपण्याच्या खोलीत येतो.

बागवाल्याला फवारणीचा दिवस आदल्या संध्याकाळी सांगायची विनंती करा, ते सांगतात. त्या सकाळी पूर्वेच्या खिडक्या बंद ठेवा, पश्चिमेच्या अकरानंतर उघडा, टाकीचे आणि विहिरीचे तोंड झाका, दोरीवर कपडे ठेवू नका. फेब्रुवारीपासून भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यांसाठी) जमीन भाजण्याची भाजावळ सुरू होते. कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या) आणि शेण जाळल्याचा धूर सकाळी खाली बसून राहतो. दम्याच्या माणसाने किनाऱ्यावरचा मुक्काम जानेवारीअखेर संपवावा आणि घर आंब्याच्या बागेपासून लांब, माडांच्या वाडीत घ्यावे. मोहोराचा वास कितीही सुंदर असला तरी.

सापाविंचवांची भीती वाटते. लहान मुले सुट्टीत येणार आहेत. आणि माकडतापाबद्दल ऐकले ते काय? (वाचक, कोल्हापूर)

किनाऱ्यावर आणि सड्यांवर सांभाळायचा साप म्हणजे फुरसे. जेमतेम हात-दीड हात लांब, अंगावर फिकट नागमोडी नक्षी. डिवचले की खवले घासून करवतीसारखा आवाज करते. ते चिऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत, लाकडाच्या रचलेल्या मोळीत असते. म्हणून दंश होतो तो दगड उचलताना हाताला किंवा अंधारात चालताना घोट्याला. अंगणातला चिऱ्यांचा आणि लाकडांचा ढीग घराच्या भिंतीपासून वीस-पंचवीस पावले दूर करा, गवत कापून घ्या, मुलांना गडग्याच्या भोकात हात घालू देऊ नका, रात्री बॅटरीशिवाय अंगणात जायचे नाही.

चावलाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यातले काहीही नको. अंगठी-बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, १०८. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. सुरुवातीला दुखण्या-सुजण्यापलीकडे काही दिसत नाही, आणि म्हणून लोक घरी थांबतात. ही मोठी चूक. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. साप मारून न्यायची गरज नसते.

लाल विंचू लहान मुलांना अधिक घातक. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे यावर प्राझोसिनचा उपचार रूढ झाला, मृत्यू खूप घटले. पण औषध डॉक्टरांनीच द्यायचे आहे. बूट झटकून घालणे, अंथरूण भिंतीला न टेकवणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे या तीन सवयी मुलांना पहिल्याच दिवशी लावा.

माकडताप हा किनाऱ्यापेक्षा आतल्या जंगलपट्टीचा आजार. सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्ग, सावंतवाडी भागात रुग्ण आढळत आले आहेत. तो बारीक गोचिडीतून पसरतो आणि हंगाम साधारण डिसेंबर-जानेवारी ते मे-जून, म्हणजे तुमच्याच मुक्कामाचा. त्या तालुक्यांत काजूच्या बागेत किंवा रानात जाणे झाले तर अंगभर कपडे, विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारे डीएमपी तेल, आणि पाचोळ्यावर बसायचे नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ आणि कानामागे, काखेत, कमरेला तपासणी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आधी सांगा.

ताजे बांगडे आणले, तळले, आणि अर्ध्या तासात दोघांचे चेहरे लाल, अंगाला खाज. मासे खराब होते का? वास तर नव्हता. (वाचक, सोलापूर)

हे माशाच्या ॲलर्जीसारखे दिसते, पण एकाच वेळी दोघांना झाले म्हणजे बहुधा हिस्टामिन या द्रव्याची बाधा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या जातींच्या मांसात हिस्टिडिन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा उन्हात किंवा नुसत्या टोपलीत तास-दोन तास राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात. वास येण्याआधीच ते तयार होते आणि तळल्या-शिजवल्याने जात नाही. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो. श्वास लागला किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना.

बंदरावर जाताना झाकणाचा डबा आणि बर्फ सोबत न्या. जेवढे मासे, वजनाने तेवढाच बर्फ. मासा विकत घेतल्या क्षणी बर्फात गेला पाहिजे, घरी आल्यावर नव्हे. कल्ले उचलून पाहा : लालबुंद आणि ओलसर हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ, पोट बोटाने दाबल्यावर खळगा न राहणारे. हर्णैसारख्या बंदरावरच्या लिलावात माल मोठ्या वाट्यांत जातो, दोन माणसांचे ते काम नाही. लिलाव घेतलेल्या कोळणीकडून तिथेच, बाजूला, वाटा घ्या. तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या तर मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा म्हणजे वाळू सोडतात. शिजवल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्या टाकून द्या.

सकाळी फिरायला जावे तर कधी वाळू असते, कधी पाणी थेट सुरूच्या बनापर्यंत. वेळ कळण्याची सोपी रीत आहे का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आहे, आणि ती कालनिर्णयाच्या पानावरच आहे. तिथीला पाऊण ने गुणा, भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी चारच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हेच. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, पण चालायला जाण्यापुरता हा हिशेब पुरतो.

यातून फिरायच्या दृष्टीने एक सोय दिसते. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी ओहोटी. तेव्हाच उधाण असल्याने पाणी खूप मागे जाते आणि ओली, घट्ट वाळू चालायला मिळते. गुडघ्यांना कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा हीच बरी. अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ सहालाच भरती असते. त्या दोन-तीन दिवशी रस्त्याने फिरा.

पोहायचे असेल तर ओहोटी लागल्यावर नको आणि खाडीच्या मुखाजवळ कधीच नको. गणपतीपुळ्यासारख्या उतरत्या किनाऱ्यावर कमरेएवढे पाणीही पाय ओढते. उथळ पाण्यात चालताना पाय न उचलता घसटत न्या. वाळूत दडलेले पाकट त्याने बाजूला होते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होते, आणि काट्याचा तुकडा आत राहिला का ते डॉक्टरांना दाखवा.

गॅस, करार, रेल्वे : थोडक्यात सांगाल का? (वाचक, अमरावती)

गॅस : पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोघांचा स्वयंपाक दोन ते तीन आठवडे होतो, म्हणून दोन घ्या. घरचा सिलिंडर रेल्वेने नेणे बेकायदा आहे.

करार : तीन महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यात पाण्याचा स्रोत, पंपाची दुरुस्ती कोणाकडे आणि नाताळच्या आठवड्यात घर रिकामे करायला सांगणार नाही, ही तीन वाक्ये घालून घ्या. तिसरे वाक्य राहून गेले की त्याच आठवड्यात भांडण होते.

रेल्वे : आरक्षण ६० दिवस आधी उघडते, १५ नोव्हेंबरसाठी सप्टेंबरच्या मध्यावर. हर्णैसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालवण-वेंगुर्ल्यासाठी कुडाळ. परतीची तारीख मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेजवळ येत नाही ना, ते पाहा. जत्रेची तारीख देवीला कौल लावून ठरते आणि त्या दिवसांत कणकवली-कुडाळच्या गाड्यांत उभे राहायला जागा नसते.

फेब्रुवारीत घर बंद करताना काय करावे, म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको? (वाचक, ठाणे)

टाकी आणि नळ पूर्ण रिकामे करा, टाकीचे झाकण जाळी लावून बांधा, नाहीतर पहिल्या पावसात डास होतात. पंपाच्या बुडाचा नट उघडून पाणी सोडा, शाफ्टला दोन थेंब तेल द्या आणि पंप पोत्याने झाका, प्लास्टिकने नको, आत घाम धरतो. फ्रिज पुसून कोरडा करून दाराला लाकडी गुटका लावून उघडा ठेवा. गाद्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. खाटेवर रचा आणि वर जुने लुगडे टाका. गंजणाऱ्या कडी-कोयंड्यांना, शेगडीच्या बर्नरला ग्रीस किंवा खोबरेलाचा पातळ हात फिरवा. माडांचे सुके झाप छपरावर पडतील असे असतील तर ते आताच उतरवून घ्या.

किल्ली शेजारी द्या आणि महिन्यातून एकदा दोन तास खिडक्या उघडायला सांगा, त्याचे पैसे आधी देऊन ठेवा. आणि कौले चाळणाऱ्याला निघण्यापूर्वीच भेटून एप्रिलची तारीख ठरवा. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी येतात, प्रत्येकाला तोच माणूस हवा असतो, आणि मिरगाआधी तुमच्या घरावर चढायला त्याला सवड उरत नाही.